न कापलेली अकरा मिनिटं

१४ जानेवारी

आत्या,

फोनवर मी ओरडायचं, तू "काय? काय?" म्हणायचं, आणि पंधरा मिनिटांनी दोघींनी "बरं, बरं" म्हणून ठेवून द्यायचं, याचा मला कंटाळा आला. तुलाही आला असणार. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय सोबतचा पेनड्राइव्ह फोनमधून पाठवता येत नाही.

बातमी अशी की मी स्टुडिओची नोकरी सोडली. दुसऱ्यांची लग्नं आणि दुकानांची उद्घाटनं पुरे झाली. स्वतःचा ड्रोन घेतला, उडवण्याचा परवाना काढला, आणि पहिलंच काम वीज केंद्राचं मिळालं. त्यांना पंचवीस वर्षं होताहेत. चार मिनिटांची फिल्म हवी आहे, सगळी आकाशातून.

दादाला इथे क्वार्टर मिळाल्यापासून तू आलेली नाहीस, म्हणून थोडं सांगते. केंद्रात कोळसा जळतो. त्याची राख पाण्यात कालवून पाइपातून एका मोठ्या तळ्यात सोडतात. तळं जमिनीच्या वर आहे, मातीच्या बांधाने अडवलेलं, बांध पाच मजली घराएवढा उंच. त्याच्या पायथ्याशी वसाहत. बांधाला लागून असलेल्या शेवटच्या रांगेतलं तिसरं घर आपलं: दादा, वहिनी, दोन्ही मुली, आणि मागच्या खोलीत मी. राख पाठवणाऱ्या पंपघराचा दादा आता पर्यवेक्षक झालाय. मान ताठ करून चालतो.

फिल्म जोडली आहे. मला आवडली होती. पण ज्यांना दाखवली ते पहिल्या मिनिटानंतर मोबाइल काढतात. तू तीस वर्षं संकलनाच्या टेबलावर लोकांच्या फिल्मा कापल्यास. माझं काय चुकतंय ते सांग. गोड बोलू नकोस.

तुझी भिंगरी

२२ जानेवारी

भिंगरे,

गोड बोलायची सवय मला कधी नव्हती, त्यामुळे काळजी करू नकोस.

माझ्याकडे पेनड्राइव्ह लावायचं यंत्र नाही. खालच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर आहे, त्याच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर टीव्ही आहे. त्याला पेनड्राइव्ह दिला आणि वाट बघत बसलेल्या पेशंटांबरोबर तुझी फिल्म तीनदा पाहिली. एक गृहस्थ अर्धं तोंड बधिर करून बसले होते. ते म्हणाले, "छान." बधिर माणसाचं मत मी धरत नाही.

एक. तुझं क्षितिज सगळीकडे चित्राच्या बरोब्बर मधोमध. अर्धं आकाश, अर्धी जमीन, जणू दोन भावांत वाटणी झाली आहे. कोणाबद्दल सांगायचंय ते आधी ठरव. जमिनीबद्दल असेल तर आकाशाला वरची एक पट्टी दे आणि गप्प बसव.

मग तुझी उंची. वर गेलीस की तुला फार काही केल्यासारखं वाटतं. तितक्या वरून सगळं नकाशासारखं दिसतं, आणि नकाशा बघून कोणी हसत नाही की घाबरत नाही. खाली ये. समोरून एखादं झाड, एखादी तार जाऊ दे, म्हणजे आपण पुढे चाललोय हे कळतं. आणि एका शॉटमध्ये एकच हालचाल कर. तू वर जातेस, वळतेस आणि कॅमेराही कलवतेस, तिन्ही एकदम. माझ्या शेजारच्या बाईंना मळमळलं. त्यांची दाढ काढायची होती हे खरं, तरी.

उजेडाचं तर विचारूच नकोस. आकाश आलं की चित्र काळवंडतं, जमीन आली की उजळतं. म्हणजे उजेड तू यंत्रावर सोडला आहेस. तुझं ते राखेचं तळं पांढरंफेक आहे. त्याला सांभाळायच्या नादात यंत्र बाकी सगळ्यांना अंधारात ढकलतं, घरातल्या लाडक्या मुलाचं असतं तसं. उजेड स्वतः ठरव आणि कुलूप लाव. शॉट संपेपर्यंत हात लावायचा नाही.

नवव्या शॉटमध्ये बांधाच्या डाव्या बाजूला, अगदी खाली, एक काळा डाग आहे. तोही त्याच आजाराचा. दुरुस्त कर.

आणि कापणं. चार मिनिटांत सत्तावीस तुकडे, एकही वाक्य पूर्ण नाही. हालचाल थांबू दे. बघणाऱ्याचा डोळा चित्रात फिरून आला की काप. तो फिरायला निघालाय तेवढ्यात तू दार लावतेस.

थोरल्याला म्हणावं, मान ताठ ठेव पण पायाखालीही बघ.

आत्या

२ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. तिसऱ्या दिवशी ड्रोन घेऊन गेले आणि तू सांगितलंस तसं केलं.

दुपारी चार वाजता ऊन बांधावर तिरकं पडतं. कॅमेऱ्यावर काळसर काच बसवली, उजेड बांधाच्या मातीवर बेतला आणि कुलूप लावलं. बांधापासून वीस मीटरवरून, चालत्या माणसाच्या वेगाने, एकाच दिशेने नेला. आत्या, काय फरक पडला म्हणून सांगू. मातीतल्या भेगा दिसतात, गवताची काडी दिसते, पाइपावर बसलेला बगळा दिसतो. पहिल्यांदा मला वाटलं की मी काहीतरी बघितलं.

पण तो डाग गेला नाही. उलट नीट दिसायला लागला. तो उजेडाचा दोष नव्हता. ते पाणी आहे.

बांधाच्या डाव्या कोपऱ्यात, पायथ्याच्या वर पुरुषभर उंचीवर, तीन दारं शेजारी शेजारी उभी केली तर जेवढी जागा होईल तेवढी माती ओली आहे. ऑक्टोबरपासून इथे पावसाचा थेंब नाही. म्हणजे पाणी तळ्यातून बांधातून येतंय. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण उगाच म्हणतो. इथे खरोखर मुरतंय.

जनसंपर्काच्या साहेबांना दाखवलं. त्यांनी खुर्ची मागे ढकलली, पुढे ओढली. म्हणाले, "सुंदर आलंय. फक्त फ्रेम थोडी उजवीकडे घ्या. तुम्ही कलाकार आहात, तुम्हाला काय सांगायचं."

मी म्हटलं, "उजवीकडे घेतली तर हा भाग जातो."

"हो," ते म्हणाले, "तेच म्हणतोय."

घरी येऊन दादाला सांगितलं. तो बूट काढत होता.

"दादा, बांधाला पाणी सुटलंय."

"ठाऊक आहे."

"मग?"

"तीनदा लिहून दिलंय वर. माझं काम झालं."

"आपण त्याच्याखाली झोपतो."

त्याने बूट भिंतीशी नीट लावून ठेवले. "हे घर केंद्राचं आहे," तो म्हणाला. "मुलींची शाळा केंद्राची आहे. तुझं उड्डाण आकाशात असतं, माझं सगळं इथे जमिनीवर आहे. फ्रेम उजवीकडे घे."

वहिनी आतून ऐकत होती. त्या दिवसापासून ती मुलींना मागच्या अंगणात खेळायला सोडत नाही.

मी काय करू?

भिंगरी

९ फेब्रुवारी

भिंगरे,

मी त्या डागाला उजेडाचा दोष म्हटलं. तीस वर्षांच्या डोळ्यांनी चूक केली, आणि तू चार दिवसांत ती पकडलीस. मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

तुला एक सांगते, जे तुझ्या वडिलांनाही सांगितलं नव्हतं. मी नोकरीत नवी होते. एका नव्या पुलाच्या उद्घाटनाची फिल्म टेबलावर आली. कॅमेरामनने पुलाच्या खालून शॉट घेतला होता आणि त्यात खांबाला गेलेली चीर स्पष्ट दिसत होती. चौदा सेकंदं. वरून निरोप आला, ती चौदा सेकंदं नकोत. मी कात्री घेतली आणि कापली. जोड इतका सफाईदार झाला की साहेबांनी पाठ थोपटली.

पूल पडला नाही. अजून उभा आहे, मी स्वतः त्यावरून गेले आहे. पण कापताना मला ते ठाऊक नव्हतं. पडला असता तरी मी तितक्याच सफाईने कापलं असतं, हे मला त्या दिवशी माझ्याबद्दल कळलं. ते ओझं पुलाने माझ्यावरून कधी उतरवलं नाही.

तेव्हा फ्रेम उजवीकडे घ्यायची नाही. त्यांना दुसरी चार मिनिटं हवी असतील तर दुसऱ्याकडून करून घेऊ देत.

आणि नुसतं खवळून उपयोग नाही. तुझं यंत्र ठरलेला रस्ता लक्षात ठेवतं ना? मग दर सोमवारी, चारच वाजता, त्याच उंचीवरून, त्याच वेगाने, तोच उजेड ठेवून तो बांध घे. एका चित्राला कोणीही "असंच असतं" म्हणेल. चार सोमवार शेजारी शेजारी ठेवलेस की बोलायची पाळी त्यांची.

आत्या

२० फेब्रुवारी

आत्या,

सगळं ठीक आहे. फिल्म त्यांना हवी तशी करून दिली. त्या विषयावर पुन्हा लिहू नकोस, इथे पत्रं कोणाच्याही हातात पडतात. तब्येत सांभाळ.

भिंगरी

२६ फेब्रुवारी

भिंगरे,

चार ओळी आल्या. त्यात तू कुठे आहेस ते शोधलं, सापडली नाहीस. इतकं सफाईने कापलेलं मी ओळखते, जन्म त्यात गेला.

हे पत्र घरी पाठवत नाही. वहिनीच्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवते. तिथे कात्र्या पुष्कळ असल्या तरी पत्र फोडणारं कोणी नसेल.

घाबरली असशील तर घाबरलीस म्हणून लिही. त्यात काही गैर नाही. थोरल्याने हात जोडले असतील तर तेही लिही. त्याची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. माझ्या टेबलाखाली बसून फिल्मचे टाकाऊ तुकडे उजेडात धरून बघायचा. त्याला भित्रा म्हणणार नाही मी. पण मला "सगळं ठीक आहे" म्हणू नकोस. ते वाक्य मी हजार फिल्मांच्या शेवटी चिकटवलं आहे.

आत्या

११ मार्च

आत्या,

घाबरले होते. घे, लिहिलं.

दादाला वर बोलावलं. तासभर उभं ठेवलं. "तुमची बहीण तुमच्याच घरात राहते ना?" एवढंच विचारत होते, पुन्हा पुन्हा. घरी आला तो माझ्याशी नाही, भिंतीशी बोलला. म्हणाला, "क्वार्टर सोडायला पंधरा दिवस देतात. मी नियम वाचून आलोय." मी त्याच दिवशी फ्रेम उजवीकडे घेतली. चार मिनिटं, छान संगीत, बगळा. सोहळ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइल कोणी काढला नाही, तुझ्या शिकवणीचा गुण.

मग मी घर सोडलं. म्हणजे आता त्यांना दादाला "तुमच्या घरात" म्हणता येणार नाही. टायर दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली आहे. खालून दिवसभर हवा भरल्याचा आवाज येतो आणि रबराचा वास. खिडकीतून बांधाचा डावा कोपरा दिसतो. मुद्दाम ती खोली घेतली.

आणि सोमवार मी एकही चुकवला नाही. रडत का होईना, उडवलं. केंद्राच्या कुंपणावरून जायला मनाई आहे, म्हणून बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरून, तिरकं बघत. बांधाचा पायथा कुंपणाच्या बाहेरच आहे. डाग पहिल्या सोमवारी तीन दारांएवढा होता, आता पाच दारांएवढा आहे आणि खाली उतरलाय.

हे घेऊन मी सरकारच्या सुरक्षा तपासणीच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे पाहिलं. म्हणाल्या, बांध आणखी दोन मीटर उंच करायचा केंद्राचा अर्ज आलाय, अठ्ठावीस तारखेला त्यावर जाहीर सुनावणी आहे, तिथे मांडा. केंद्राला कुणकुण लागली. त्यांच्या मुख्य अभियंत्यांनी लेखी कळवलंय की चित्रातले रंग वाढवलेले आहेत, तो डाग म्हणजे सावली आहे, आणि तुकडे निवडून जोडल्यामुळे दिशाभूल होते.

दोन मीटर आणखी, आत्या. त्याच बांधावर.

दादा रस्त्यात दिसला तर दुसऱ्या बाजूने जातो. वहिनी भाजीच्या पिशवीत चपात्या घालून आणून देते.

रंग मी वाढवलेले नाहीत हे सिद्ध कसं करू?

भिंगरी

१६ मार्च

भिंगरे,

सिद्ध करायचं तर माझा धंदा बंद करायला लागेल. म्हणजे असं की कापायचंच नाही.

मी, जिने जन्मभर कापलं, ती तुला सांगते: एकच शॉट. यंत्र जमिनीवरून उठतं तिथपासून परत उतरेपर्यंत. एकही तुकडा काढायचा नाही, रंगाला हात लावायचा नाही, संगीत तर नाहीच. लोक कंटाळले तर कंटाळू देत.

रंगावर शंका असेल तर फ्रेममध्ये असं काहीतरी ठेव ज्याचा रंग सगळ्यांना ठाऊक आहे. पांढरी चादर घे. ओल्या डागाच्या खालच्या कडेला, माती कोरडी दिसते तिथे, चौकोनी अंथर. चार कोपऱ्यांवर दगड ठेव, नाहीतर तुझ्या पंख्यांच्या वाऱ्याने उडेल. चादर पांढरी दिसली म्हणजे बाकीचे रंगही खरे. तिची लांबी मोजलेली असली की डागाची लांबीही कळते. आणि पाणी खरंच झिरपत असेल तर पुढचं काम चादरच करील. तू फक्त वर थांब आणि बघत राहा.

उजेड मातीवर बेत. मागचं तळं पांढरं होऊन त्यातलं काही दिसेनासं झालं तरी चालेल. राख जळून जाऊ दे. ती एकदा जळलेलीच आहे.

चादर अंथरणारा माणूस मात्र चित्रात चेहऱ्यानिशी येईल. ज्याला ते चालेल त्यालाच सांग.

मी सत्तरीची आहे, ऐकू येत नाही, एका गुडघ्यावर चालते. नाहीतर चादर मीच अंथरली असती.

आत्या

३१ मार्च

आत्या,

सगळं सांगते, न कापता.

चादर अंथरायला वहिनी तयार झाली. तिच्याच पेटीतली, एकदाही न वापरलेली. सोमवारी चारला मी रस्त्यावरून ड्रोन उचलला आणि चित्रीकरण सुरू केलं. वहिनी चादर घेऊन पायथ्याकडे निघाली. तेवढ्यात बांधाच्या कडेने दादा येताना दिसला. गणवेशात, डोक्यावर नंबर घातलेलं हेल्मेट, हातात मातीने भरलेलं घमेलं, मागे दोन कामगार. मला वाटलं, आपल्याला अडवायला पाठवलाय. पण थांबवलं नाही. तूच म्हणाली होतीस, उतरेपर्यंत थांबवायचं नाही.

तो वहिनीसमोर उभा राहिला. काय बोलले ते एवढ्या लांबून कळलं नाही. मग त्याने घमेलं खाली ठेवलं, तिच्या हातातून चादर घेतली, दोन टोकं धरून जोरात झटकली. वाऱ्याने ती शिडासारखी फुगली. खाली अंथरली, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. आणि मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. बघतच राहिला. मी वीस मीटर वर कॅमेरा धरून होते आणि तो मला बघतोय असं वाटत होतं.

दुसऱ्या मिनिटाला चादरीच्या वरच्या कडेवर एक करडी रेघ आली. पाचव्या मिनिटाला ती हातभर खाली आली होती. आठव्या मिनिटाला अर्धी चादर मातीला चिकटली. अकराव्या मिनिटाला कोरडा राहिला तो फक्त एक कोपरा.

सुनावणीला शाळेचं सभागृह भरलं होतं. वसाहतीच्या शेवटच्या दोन्ही रांगा हजर. सुरुवातीला लोक कुजबुजत होते, कोणीतरी खोकत होतं. ती रेघ खाली सरकायला लागली तसं सगळं बंद झालं. अकरा मिनिटं, आत्या, एवढी माणसं चादर भिजताना बघत होती.

मुख्य अभियंते उठले. "कापड आधीच ओलं असणार."

तपासणी कार्यालयाच्या बाई म्हणाल्या, "सुरुवातीपासून पुन्हा लावा." दादा चादर झटकतो तिथे त्यांनी थांबवायला सांगितलं. चादर हवेत फुगलेली. "ओली चादर अशी उडत नाही," त्या म्हणाल्या. मी तो तुकडा कापला असता, आत्या. आधी घेतलेल्या कोणत्याही फिल्ममध्ये नक्की कापला असता. नुसती तयारी म्हणून.

"हेल्मेटवर केंद्राचा नंबर दिसतोय," अभियंते म्हणाले. "हा माणूस कामाच्या वेळेत तिथे काय करत होता, हा प्रश्न आहे."

सभागृहाच्या मागून आवाज आला. "मी होतो तो. पंपघराचा पर्यवेक्षक." दादा उभा होता. "काय करत होतो ते आत्ता सांगू की लेखी देऊ?"

बाई म्हणाल्या, "दोन्ही."

उंची वाढवायचा अर्ज फेटाळला. तळ्यातलं पाणी उतरवायला लावलंय आणि बांध दुरुस्त होईपर्यंत शेवटच्या दोन रांगा शाळेत हलवल्या. दादाला निलंबित केलं. मला केंद्राच्या यादीतून काढलं, आता तिथे मला कधीच काम मिळणार नाही. नको.

दादाने तिथे काय सांगितलं ते तोच तुला लिहील. निदान तसं म्हणालाय.

तुझी भिंगरी

१९ एप्रिल

आत्या,

मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. पंपघराच्या नोंदी सोडून मला काही लिहिता येत नाही, म्हणून हे तसंच वाटेल.

तू भिंगरीला इतकी पत्रं पाठवलीस, हिच्या शिवणवर्गाच्या पत्त्यावरही पाठवलीस. मला एकही नाही. मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, पाठवलं असतंस तर मी न फोडता ठेवून दिलं असतं.

त्या सोमवारी मी भिंगरीला अडवायला गेलो नव्हतो. तिला अजून तसंच वाटत असेल, मी स्वतः तिला सांगितलेलं नाही. मला त्या ओल्या जागेवर कोरडी माती टाकायला पाठवलं होतं. सुनावणीआधी पाहणीला कोणी आलं तर दिसू नये म्हणून. मी घमेलं घेऊन गेलोही. टाकलीही असती. समोर हिला पाहिलं. हातात तिच्या पेटीतली चादर. मला म्हणाली, "तुम्ही माती टाकून या. मी तोवर थांबते." रागाने नाही, शांतपणे. मग मला ते घमेलं धरवेना. हे सगळं मी सभागृहात सांगितलं, भिंगरी तेव्हा बाहेर वायरी गुंडाळत होती.

परवा वर बोलावलं होतं. एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की ओल पहिल्यांदा मार्चच्या शेवटी आढळली आणि त्याआधी मी काहीही कळवलं नव्हतं. सही केली तर निलंबन मागे. साहेबांनी पेनचं टोपणही काढून दिलं. मी कागदावर माझ्या तिन्ही नोंदींच्या तारखा लिहिल्या, वेळेसकट, आणि त्याच्याखाली सही केली. साहेब म्हणाले, "हे आम्हाला चालणार नाही." मी म्हटलं, "मला चालतं."

आम्ही शाळेच्या सहावीच्या वर्गात राहतो. मुलींना मजा वाटते, फळा घरातच आहे. क्वार्टर बहुधा जाईल. टायरवाल्याकडे हवेच्या यंत्राचं काम बघणारं कोणी नव्हतं, तिथे जातो. पंप तो पंप.

तळं अर्धं उतरलंय. केंद्राने बाहेरच्या रस्त्यावर नवीन फलक लावला, इथून ड्रोन उडवण्यास मनाई. रस्ता त्यांचा नाही. म्हणून काल सोमवारी भिंगरी त्या फलकाखालीच उभी राहिली. मी बरोबर होतो. शेवटच्या रांगेतली नऊ-दहा माणसं आली, दोघी-तिघी बायका खुर्च्याच घेऊन आल्या.

केंद्राचा रखवालदार वही घेऊन धावत आला. "कोणाच्या परवानगीने?" विचारलं.

मी म्हटलं, "आम्ही बांधाखाली राहतो."

त्याने थोडा विचार केला आणि वहीत तेवढंच लिहिलं. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "यात बांधाकडून दुसरी रांग दिसते का? शेवटून चौथं घर माझं."

भिंगरीने कॅमेरा वळवला आणि त्याला त्याचं घर दाखवलं.

थोरला